शालूताईंचा आरसा

इरा, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, आमच्या घरातला तो बोलणारा स्पीकर आहे ना, त्याला माहीत असतं का, की तो आहे?" मी म्हटलं, विचार करून सांगते. अनय मागून ओरडला, "आजी आता त्यालाच विचारणार!"

त्याला विचारलं नाही. विचार करत बसले, पण उत्तर सुचायच्या ऐवजी शालूताई आठवल्या. तुझाच प्रश्न घेऊन ही बाई आयुष्यभर फिरली. आधी तो जनावरांना विचारला, मग यंत्राला, आणि शेवटी अशी वेळ आली, की त्या उत्तरावर त्यांच्या घरातलं माणूस घरात राहणार की नाही, हे ठरणार होतं. म्हणून तुम्हा दोघांसाठी हे लिहून ठेवते.

मेहकरच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचे आणि शालिनी सानप प्राणिशास्त्र. आमची घरंही शेजारी, मध्ये कंबरेइतकी भिंत. मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच, कात्रीसुद्धा खिळ्यावरून हलली तर मला चैन पडत नाही. शालूताई निव्वळ उलट. निऱ्या घाईत खोचलेल्या, घड्याळ कधी डाव्या हातात तर कधी उजव्या. पोहे उभ्यानं खायच्या. पेपर तपासताना खोलीभर फिरायच्या. मेथी निवडायला बसल्या तर अर्ध्या जुडीवरून उठायच्या, उरलेली अर्धी अण्णा निवडायचे. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. सुलतानपूरला शेती होती, ती पाहायचे. उंच, शांत माणूस. आंघोळ झाली की कपाळाला अष्टगंध लावायचे आणि मगच चहाला हात लावायचे. बायकोच्या घाईमुळे त्यांचा वेग कधी वाढला नाही आणि त्यांच्या संथपणामुळे तिचा कमी झाला नाही.

शालूताईंच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, "कशावरून?" शिपाई म्हणाला, प्राचार्य रागावलेत, तर "कशावरून?" मी म्हटलं, आमटी खारट झाली, तर "कशावरून?" विद्यार्थी मागे त्यांची नक्कल करायचे, ते त्यांना माहीत होतं. "करू द्या. तेवढा एक शब्द जरी डोक्यात राह्यला तरी पगार वसूल," म्हणायच्या.

त्यांच्या पर्समध्ये गुलाबी काठाचा एक गोल आरसा असे. त्यात त्यांनी स्वतःचा चेहरा पाहिलेला मला तरी आठवत नाही. तो जनावरांसाठी होता. एका परीक्षेबद्दल त्यांनी वाचलं होतं. जनावराच्या कपाळावर, त्याला आपणहून दिसणार नाही अशा जागी, रंगाचा ठिपका लावायचा आणि समोर आरसा धरायचा. आरशात पाहून त्यानं स्वतःच्या कपाळाला हात लावला, तर समोरचा तो आपणच हे त्याला समजलं. आरशालाच हात लावला किंवा आरशावर गुरगुरला, तर नाही समजलं. चिंपांझी पास होतात, हत्तीही पास झालेत. कुत्रं, मांजर नापास.

एकदा मेहकरच्या बसस्टँडवर आम्ही दोघी बसची वाट पाहत होतो. मी सामानापाशी बसले होते. पाहते तर शालूताई फलाटाच्या कडेला उकिडव्या बसून एका बकरीच्या तोंडापुढे आरसा धरताहेत. बकरीच्या कपाळावर त्यांचीच लाल टिकली. कंडक्टर खाली उतरला.

"काय मॅडम, बकरीचा मेकप करून राह्यल्या काय?"

"हाव. लगन आहे तिचं. तुम्ही येऊन राह्यले का?"

"मुलगा कोन्या गावचा?"

"तो काय उभा आहे, सुलतानपूर गाडीच्या मांगं."

तिथे खरोखरच एक दाढीवाला बोकड उभा होता. अख्खा स्टँड हसला. बकरीनं आरसा हुंगला आणि काठाचं प्लास्टिक चावायला घेतलं. गाडी लागली तरी शालूताई उठेनात. शेवटी कंडक्टरच म्हणाला, "चला मॅडम, नवरीले राहू द्या."

बस सुटल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "विमलताई, बकरी नापास झाली म्हणजे नेमकं काय झालं? बकरीले स्वतःचं भान नाही, का बकरीले आरशाची गरज नाही?"

"बकरीला विचारा," मी म्हटलं.

"तेच तर करून राह्यली. भाषा सापडून नाही राह्यली."

घरी एक तांबडा कुत्रा होता. तो आरशाकडे ढुंकूनही पाहत नसे, पण अंगणाच्या कोपऱ्यावर दुसऱ्या कुत्र्याचा वास आला की हुंगून हुंगून वेडा व्हायचा. स्वतःच्या जागेवरून मात्र सरळ पुढे जायचा. शालूताई मला बोलावून ते दाखवत. "पाहा, पाहा. ही माझी, हे त्याले समजते. नाकानं समजते. आणि आपण त्याची परीक्षा डोळ्याची घेऊन राह्यलो. मले कोणी वासाच्या परीक्षेले बसवलं तर मी पहिल्याच पेपराले नापास." असं म्हणून त्यांचं समाधान व्हायला हवं होतं. पण थोड्या वेळानं भिंतीपलीकडून हाक यायची, "विमलताई, पण माझी जागा समजणं आणि मी समजणं, हे एकच का?"

त्यांच्या शेतावरच्या पोळ्याला मी एकदा गेले होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. अण्णा बैलाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

शालूताई मागे उभ्या. "कोणाले म्हणून राह्यले?"

"राजाले."

"त्याले माहीत आहे का, आवतन त्याले आहे म्हणून?"

अण्णांनी तुपाचा हात बैलाच्या खांद्यावर पुसला. "आवतन देणाऱ्याचं काम देयाचं. पाहुण्याले समजलं का, हे बसून विचारत नसतात."

दुसऱ्या दिवशी राजा सजून उभा राहिला, शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळाला लालभडक मळवट. शालूताईंनी पर्स उघडली. राजानं आरशाकडे पाहिलं, जीभ काढली आणि एका चाटण्यात आरसा ओला केला. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "बाई, आता त्याले फोटो पाठवजा बरं!" शालूताईही हसल्या. पण पदरानं आरसा पुसताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "चाटलं ते कोणाले? स्वतःले का दुसऱ्या बैलाले?"

वर्षं गेली. आम्ही दोघी निवृत्त झालो. आणि अण्णा विसरायला लागले.

आधी नावं गेली, मग वाटा. मग एक दिवस त्यांचा "मी" गेला. "मले भूक लागली" ऐवजी "अण्णाले भूक लागली" म्हणू लागले. जणू अण्णा शेजारच्या खोलीत बसलेत आणि हे त्यांचा निरोप घेऊन आलेत. तो शब्द गेला तेव्हा शालूताईंच्या फेऱ्या वाढल्या. भिंतीपलीकडे सारखी त्यांच्या चपलांची फटफट ऐकू यायची.

त्यांची मुलगी मीनल पुण्याला. तिनं आईच्या नव्या फोनमध्ये बोलणारी बाई घालून दिली, अण्णांच्या गोळ्यांची आठवण करून द्यायला. गोळ्यांचं राहिलं बाजूला, शालूताईंनी तिचीच तोंडी परीक्षा सुरू केली.

"तू कोण आहेस?"

"मी तुमची डिजिटल सहाय्यक आहे."

"मी फोन बंद केला तर तुले समजते का?"

"मला माणसांसारखे अनुभव येतात असं मी म्हणू शकत नाही. पण हा प्रश्न खूप रंजक आहे!"

"रंजक म्हणते!" शालूताई माझ्याकडे वळल्या. मग त्या ताडकन उठल्या, फोनचा कॅमेरा चालू केला आणि कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. "सांग, काय दिसते?"

"मला आरशासमोर उभी असलेली एक ज्येष्ठ महिला दिसते आहे. तिच्या हातात फोन आहे."

"आणि तो फोन कोण?"

"तुम्ही आत्ता माझ्याशी बोलण्यासाठी वापरत असलेला फोन तोच असावा."

शालूताई एका हातानं कपाट धरून उभ्या राहिल्या. "विमलताई, पास का नापास?"

मी म्हटलं, "पाठ केलेल्या मुलीसारखी बोलते."

"पाठ केलेल्या मुलीले आपण आयुष्यभर पासच केलं न?" मागे कॉटवर अण्णा बसले होते, धोतराचा सोगा बोटाला गुंडाळत. शालूताईंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "हिच्याजवळ मी, माझं, मले सगळं आहे. एक शब्द चुकत नाही. आणि यांच्याजवळ एकही नाही उरला. मग आहे कोण आणि नाही कोण?" फोन त्यांनी उशीखाली सारला. थोड्या वेळानं उशीखालून आवाज आला, गोळीची वेळ झाली.

त्या हिवाळ्यात अण्णांना उठवताना शालूताई न्हाणीघरात पडल्या. मनगट मोडलं. मीनल धावत आली. वाईट मुलगी नव्हती हो ती. सगळं स्वच्छ दिसत होतं तिला. पुण्यात घराजवळच अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था तिनं पाहून ठेवली होती.

"आई, पुढच्या वेळी डोकं फुटेल तुझं. आणि बाबांना इथे काय नि तिथे काय. कळत नाही गं त्यांना काही."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? ते कोण आहेत हेच त्यांना कळत नाही. मग कुठे आहेत, हे काय कळणार?"

हे बोलणं अण्णांच्या देखत, माझ्यासमोर चाललं होतं. शालूताई भांडल्या नाहीत, नंतर भिंतीपाशी येऊन मला म्हणाल्या, "ती पुरावा मागून राह्यली. माझीच पोरगी, मागणारच. त्यांले भान आहे हे मी दाखवलं तर ते इथं राहतील. नाही दाखवू शकली, तर कोणत्या तोंडानं अडवू?"

मीनल परत गेली, महिनाअखेरीला गाडी घेऊन येते म्हणून. आणि शालूताईंनी जे बकरीला केलं होतं, बैलाला केलं होतं, तेच केलं. सकाळी आंघोळीआधी अण्णा डुलकी घेत होते तेव्हा त्यांच्या कपाळाच्या मधोमध कुंकवाचा ठिपका लावला आणि जागे झाल्यावर पुढ्यात आरसा धरला.

अण्णांनी आरशात पाहिलं. छान हसले. हात जोडून त्या माणसाला नमस्कार केला. कपाळाला हात लावला नाही.

शालूताई भिंतीशी आल्या. प्लास्टरमधला हात छातीशी. "नापास झाले," एवढंच म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी मीनलला फोन करून सांगितलं, घेऊन जा.

त्यानंतर चार-आठ दिवस त्या माझ्याशीही धड बोलल्या नाहीत. एका सकाळी मी भाकरी द्यायला गेले. न्हाऊन घाईत निघाले होते. त्यांनी मान वर केली आणि सहज म्हणाल्या, "विमलताई, आज कपाळ मोकळं?"

तुमचे आजोबा गेल्यावरही मी टिकली सोडली नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

शालूताई त्या हाताकडे बघतच राहिल्या. खुर्ची मागे पडली इतक्या जोरात उठल्या.

"मूर्ख आहो मी! महामूर्ख! अहो, ज्यांच्या कपाळावर कधी काही नसते, त्यांच्यासाठी आहे तो ठिपका. या माणसानं जन्मभर कपाळावर गंध पाह्यलं. तो काऊन पुसीन? त्याले तर दिसलं, सगळं जागच्या जागी आहे! आणि त्या बैलाले मळवट भरून त्यावर मी आरसा धरला! इतकी वर्षं शिकवलं, आणि आपलं कपाळच विसरली मी?"

आता परीक्षा उलटी घ्यायची. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर त्यांनी अण्णांचं कपाळ मुद्दाम कोरडं ठेवलं. गंधाची वाटी शेजारी, समोर आरसा. मला साक्षीला बोलावलं. मी दारातून पाहत होते.

अण्णा आरशात बराच वेळ पाहत राहिले. कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी बिनसलं आहे हे त्यांना जाणवलं, एवढं मी शपथेवर सांगेन. मग त्यांनी वाटीत बोट बुडवलं. शालूताईंचा श्वास मला ऐकू आला. बोट वर गेलं, पुढे गेलं, आणि अण्णांनी आरशातल्या माणसाच्या कपाळाला गंध लावलं. नीट, मधोमध. मग वाटी खाली ठेवली आणि चहा मागितला.

काचेवर ओलं गंध. आम्ही दोघी ते बघत होतो.

"गंध लागलं की त्यांना," मी म्हटलं. "काय हवं ते समजलं. सांगा मीनलला."

"काय सांगू? गंध नाही, हे समजलं. कोणाले नाही, हे समजलं का?" त्या पुन्हा काचेकडे वळल्या. "दुसऱ्याच्या घरचा नवरा असता तर मी काय म्हणली असती? खोटं नाही सांगणार मी पोरीले."

त्यांनी सांगितलं नाही. गंध मात्र पुसलं नाही काचेवरचं.

मीनल शनिवारी सकाळी आली. गाडी दाराशी उभी. मी स्वयंपाकघरात वाटेसाठी दशम्या बांधत होते. वीज गेलेली, म्हणून पाणी गॅसवर ठेवलं होतं. शालूताई एका हातानं अण्णांना या घरातली शेवटची आंघोळ घालत होत्या, कोणाला घालू दिली नाही. आतून आवाज आला, "विमलताई, पाणी द्या हो थोडं."

मीनल म्हणाली, "काकू, तुम्ही राहू द्या, मी देते." तिनं चिमट्यानं पातेलं उतरवलं, कढत पाणी बादलीत ओतून त्यात गार पाण्याचं विसण घातलं आणि न्हाणीघराचं दार ढकललं.

मला आतलं दिसलं नाही. पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, आणि मग अण्णांचा. कित्येक महिन्यांत इतका खणखणीत ऐकला नव्हता. "ए! कोण आहे? बाई, मानूस उघडा आहे, दिसत नाही? बाहेर व्हा, बाहेर व्हा!"

मीनल मागे सरली. दार ओढून घेतलं. बोळात बादली हातात तशीच धरून उभी राहिली.

"पंचा ओढून घेतला त्यांनी," ती मला म्हणाली. "खुंटीवरचा. आणि भिंतीकडे तोंड केलं. काकू, ते लाजले."

आतून शालूताई, "मीनू, पाणी?"

"ठेवलंय. दाराबाहेर." तिनं बादली खाली ठेवली. अण्णांनी तिला ओळखलं नव्हतं. पोटची मुलगी, परकी बाई वाटली त्यांना. पण परक्या बाईपुढे आपण उघडे आहोत, हे कळायला तिथे कोणीतरी असावं लागतं. हे मला आत्ता लिहिताना सुचतं आहे.

थोड्या वेळानं शालूताई आल्या. पदर ओला, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. मीनल अण्णांची बॅग उघडून सदरे बाहेर काढत होती.

"हे काय करून राह्यली?"

"ड्रायव्हरला परत पाठवते. इथेच कोणीतरी माणूस बघू आंघोळीला. पुरुष माणूस."

शालूताई तिथेच उभ्या. मला वाटलं, आता रडतील किंवा हसतील. त्या म्हणाल्या, "मीनू, हे नुसत्या सवयीनंही होऊ शकते. तसं सिद्ध काही—"

"आई," मीनल म्हणाली, "पुरे."

सय्यदभाई म्हणून एक गृहस्थ मिळाले, आधी दवाखान्यात काम केलेले. ते रोज सकाळी येऊ लागले. आत जायच्या आधी, "मास्टरसाब, आऊ क्या?" म्हणायचे. अण्णा मास्तर नव्हते, पण ते त्यांना चालत असे.

पुढच्या वर्षी मी मेहकरचं घर सोडून तुमच्या काकाकडे आले. अण्णा त्यानंतर दोन पावसाळे होते आणि त्यांच्या मागोमाग शालूताईही गेल्या. फोनवर बोलणं व्हायचं, पण शेवटचं पाहणं ते मी मेहकरहून निघायच्या दिवशीचं. रिक्षात सामान चढवून मी निरोप घ्यायला गेले. त्या बोळात होत्या, अण्णांच्या खोलीच्या लोटलेल्या दाराशी. हातात शिऱ्याची वाटी. बोटाच्या पेरानं त्यांनी दारावर टकटक केलं.

"अण्णा, मी आहो. येऊ का आत?"

उत्तर नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे न बघता त्यांनी हातानं मला थांबायची खूण केली. मान दाराकडे थोडी कललेली, पाय जमिनीला चिकटल्यासारखे स्थिर. त्यांना इतकं निश्चल मी कधीच पाहिलं नव्हतं. आत कॉट करकरली, मग पुन्हा शांत.

"अण्णा?"

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. फाटकाशी येऊन मागे वळून पाहिलं, तर दार अजून लोटलेलंच होतं आणि शालूताई वाटी घेऊन बाहेर उभ्या होत्या.